सगळ्यांसारखी पेटी

मामांनी फोन केला तेव्हा आधी फळ्यांचे सांगितले आणि मग मृत्यूचे. "फळ्या ओल्या आहेत रे," ते म्हणाले, "आणि मालक पहाटे गेले." मामा गावचे सुतार. मी दुपारपर्यंत शहरातून गावी पोहोचलो.

आमच्याकडे मालक म्हटले की दुसरे कोणी डोळ्यांसमोर येत नसे. नदीपासून टेकडीपर्यंतची जमीन त्यांची. चर्च उभे आहे ती जागा त्यांनी दिलेली, छपराच्या तुळयाही त्यांच्याच. छप्पर गळू लागले की वयाची पर्वा न करता शिडीवर चढत, आणि खाली उभ्या असलेल्या फादरांचा जीव टांगणीला लागे. मात्र देणारा हात मोठा असला तरी स्वभाव सरळ नव्हता. वीतभर जमिनीच्या वादावरून ते शेजाऱ्याशी अकरा वर्षे बोलले नाहीत, आणि एखाद्या मजुराने फांदी वाकडी छाटली तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होई.

उत्तरेच्या कुंपणालगतची झाडांची एक रांग त्यांनी गावातल्या मृतांसाठी राखून ठेवली होती. दर काही वर्षांनी त्यातले एक झाड पाडायचे, फळ्या चर्चमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन वर्षे वाळवायच्या, आणि कोणी गेले की मामांनी त्यातून शवपेटी करायची. अट एकच, पेटी सगळ्यांची सारखी. नक्षी नाही, पॉलिश नाही, पितळी कड्या नाहीत. धरायला दोरीचे फास. स्वतःसाठीच्या फळ्यांवर त्यांनी खडूने खूण करून ठेवली होती. मामा त्यांना चिडवत, "पोट आवरा मालक, नाहीतर आणखी एक झाड पाडावं लागेल." मालक म्हणत, "तू फक्त पाय मावतील एवढं बघ. पोट मी आत ओढून घेईन."

सव्वा महिन्यापूर्वी तापाच्या साथीत एका आठवड्यात चार माणसे गेली. चौथा तोच शेजारी. शेडमध्ये तेव्हा खडूची खूण असलेल्या तेवढ्याच फळ्या उरल्या होत्या. मामा बिचकत विचारायला गेले. मालक खिडकीबाहेर बघत म्हणाले, "भांडण त्याचं माझ्याशी होतं. लाकडाशी नव्हतं." दुसऱ्याच दिवशी त्यांनी नवे झाड पाडायला लावले. लाकूड वाळायला दोन वर्षे लागतात. मालक पाच आठवडेच जगले.

मी मामांच्या सुतारकामाच्या कारखान्यात शिरलो तेव्हा ते त्या ओल्या फळ्यांसमोर रंधा धरून नुसतेच उभे होते. मागोमाग मालकांची मुलगी आली. एकुलती एक. नऊ वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा, निदान आईला तरी चांगली पेटी द्या, म्हणून ती वडिलांच्या हातापाया पडली होती. मालकांनी ऐकले नाही. दूधवाल्याच्या म्हातारीला जशी पेटी मिळाली तशीच घरच्या लक्ष्मीला. तेव्हापासून मुलगी क्वचितच येई, आणि आली तरी मुक्काम करीत नसे.

मामांनी काही करू नये, असे तिने सांगितले. शहरातून पेटी निघाली होती, पॉलिश केलेली, पितळी कड्यांची. मामांनी अटीची आठवण करून दिली.

"अट आईच्या वेळी पाळली, तेवढी पुरे," ती म्हणाली. "आणि काका, बाबांना ओल्या लाकडात घालणार तुम्ही?"

ओल्या लाकडाचे सांधे उघडतात, पेटी दगडासारखी जड होते. असले काम मामांनी उभ्या जन्मात केले नव्हते. त्यांनी रंधा खाली ठेवला आणि बराच वेळ भुसा पायाने सारखा करीत राहिले.

"वहिनींची पेटी बाहेरून सगळ्यांसारखी होती, ताई. आतून नव्हती."

मग ते हळूहळू सांगू लागले. त्या दिवशी मालक सकाळीच कारखान्यात आले, दार लावून घेतले आणि संध्याकाळपर्यंत पेटीची आतली बाजू स्वतः रंधत, घासत बसले. तळहातांना फोड आले, तरी कुठे सल लागतो का ते पुन्हा पुन्हा हात फिरवून बघत होते. ती कुशीवर झोपते, गालाला लागेल, असे पुटपुटत होते. जाताना मामांना बजावले, कोणाला बोललास तर बघ, उद्या सगळे गाव आतून घासून मागेल.

मुलगी लाकडाच्या ओंडक्यावर बसली. रडली नाही. थोड्या वेळाने तिने फोन काढून शहरातली पेटी परत पाठवायला सांगितली आणि मामांकडे पॉलिश पेपर मागितला.

मामांनी पेटी ठोकली. मी धरायला होतो. मग ती आत वाकून घासू लागली. ओले लाकूड घासून गुळगुळीत होत नाही. तंतू उभे राहतात, कागद दमट होऊन फाटतो. मामांना हे ठाऊक होते. तरी तिचा तुकडा फाटला की ते नवा देत आणि पुन्हा दोरी वळायला बसत.

मध्येच तिचा हात थांबला. "काका, बाबा कसे झोपायचे? उताणे की कुशीवर?"

मामा विचारात पडले. "वहिनींना ठाऊक असेल," ते सवयीने बोलून गेले, आणि मान खाली घालून आणखी एक तुकडा कापू लागले.

ती चारही बाजू घासत राहिली.