शेजारणीचं दार

राष्ट्र आपला इतिहास भिंतींवर जपतं. नॉटिंगहॅममधल्या आमच्या घराच्या भिंतीवर तो चार स्क्रूंनी जपला आहे. गोल निळ्या पाटीवर लिहिलंय की, एका लाडक्या विनोदी मालिकेचं चित्रीकरण या दारात झालं.

दार खरंच तेच आहे. चित्रीकरण झालं ते घर मात्र शेजारच्या बाईंचं. वीसेक वर्षांपूर्वी त्यांनी प्लास्टिकचं दार बसवलं, तेव्हा जुनं रस्त्यावरच्या स्किपमध्ये, म्हणजे भंगाराच्या मोठ्या पेटीत, पडलेलं पाहून बायको म्हणाली, "अहो, भरीव लाकूड आहे, टाकतात का असं?" मी ते उचलून आणलं आणि आमच्याकडे बसवलं.

मग जुने कार्यक्रम जपणारी मंडळी फोटो घेऊन आली आणि दार ओळखून हरखली. तोवर बायकोने चहा आणला. चहा घेत असलेल्या पाहुण्यांना 'घर चुकलात' म्हणणं मला जमलं नाही.

पाटीच्या अनावरणाला महापौर गळ्यात मानाची साखळी घालून आले. मला दोन शब्द बोलायला लावलं. मी हवेबद्दल बोललो. चित्रीकरणाच्या दिवशी नटांना चहा पाजणाऱ्या शेजारच्या बाई मागे उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन मी सगळं कबूल केलं.

"माझं दार मी ओळखणार नाही का, डॉक्टर?" त्या म्हणाल्या. "वाटलं, भाषणात तुम्हीच सांगाल."

"पाटी आणि दार, दोन्ही तुमच्याकडे लावतो," मी म्हणालो.

घरी येऊन दार मोजायला टेप काढली, तेव्हा आठवलं. आमच्या चौकटीत बसावं म्हणून मी ते दार तेव्हाच दीड इंच तासून घेतलं होतं.