फॉर इन्फर्मेशन

बहात्तरच्या दुष्काळात मी नगर जिल्ह्याच्या कोरड्या भागातल्या एका तहसील कचेरीत नुकताच कारकून म्हणून चिकटलो होतो. इंग्रजीचा मला भारी तोरा. आलेल्या मराठी अर्जावर दोन ओळींत इंग्रजी सारांश लिहायचा, खाली एखादं ठरावीक वाक्य टाकायचं आणि कागद वर पाठवायचा, एवढंच माझं काम. ती वाक्यं मी जुन्या फायलींतून उचलली होती. 'फॉर इन्फर्मेशन' मला त्यांतलं सगळ्यांत सुटसुटीत वाटायचं, म्हणून मी ते कुठेही ठोकून द्यायचो.

एके दिवशी एक म्हातारा शेतकरी गावचा अर्ज घेऊन आला. गावाजवळ दुष्काळी काम काढावं अशी मागणी होती. खडी फोडायला बायकांना सहा मैल चालत जावं लागे, आणि त्याची सून सहा महिन्यांची गरोदर होती. ती घरी राहिली तर चूल पेटणार नाही, असं तो म्हणाला. मी त्याच्यासमोरच माझं आवडतं वाक्य लिहिलं आणि ऐटीत वाचून दाखवलं. काम निघेल ना, असं त्याने विचारलं तेव्हा मी छातीठोकपणे हो म्हणालो.

महिनाभराने माझ्या वरच्या अव्वल कारकुनांना तो अर्ज दप्तरी लावलेल्या कागदांत सापडला. त्यांनी मला बोलावलं. आवाज चढवला नाही, म्हणूनच जास्त लागलं.

"'फॉर इन्फर्मेशन', म्हणजे माहितीसाठी, असं लिहिलं की साहेब वाचतात आणि कागद बाजूला ठेवतात. कार्यवाहीसाठी लिहिलं की त्यांना काहीतरी करावं लागतं. ठाऊक नव्हतं तर विचारायचं होतं."

शब्दांचा अर्थ मला ठाऊक होता. ते कागदावर पडले की पुढे काय होतं, हे ठाऊक नव्हतं, आणि विचारण्यात मला कमीपणा वाटला होता. मी नवा कागद केला, त्यावर 'फॉर नेसेसरी अ‍ॅक्शन' लिहिलं. दहा दिवसांत गावाच्या शिवारात काम सुरू झालं.

त्यानंतर तो म्हातारा पुन्हा आला. बसा म्हटलं तरी बसला नाही.

"सूनबाईचं मूल पोटातच गेलं, सायेब. त्या लांबच्या कामावर. पर आता बाकीच्या बायांना तरी चालाया लागनार न्हाई. तुमी लिवलं म्हनून काम निघालं. लई उपकार झाले."

त्याने हात जोडले. चूक माझी होती, हे सांगायला जीभ रेटेना. मला स्वतःची शरम वाटली, तरी मी त्याचे आभार स्वीकारले.