शिट्टी माझ्याच गळ्यात

पोरांना लेझीम शिकवली ती त्यांच्याकडे तोंड करून, आणि कार्यक्रमाच्या दिवशी पुढे उभा राहिलो तो त्यांच्याकडे पाठ करून. एवढीच काय ती माझी चूक.

कान्हे गावाच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी आमची चौथीपर्यंतची शाळा. मी तिथला सर; लोणावळ्याहून दुचाकीवर येतो. उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आधी एका सकाळी पालकांना बोलावून पोरांनी वर्षभरात काय कमावलं ते दाखवायची आमची रीत. यंदा दाखवण्यासारखं पुष्कळ होतं. पहिलीतला एक बहाद्दर दिवाळीपर्यंत पुस्तक उघडलं की पाणी प्यायला पळायचा. तो आज माईकवर अख्खं पान वाचणार होता. तिसरीने शाळेमागे लावलेली वांगी आज सगळ्यांच्या ताटात पडणार होती. आणि शेवटी लेझीम.

सकाळपासून नुसता कालवा! पताका लागताहेत, मैदानावर पाणी मारलं जातंय, जो तो माईकमध्ये फुंकर मारून पळतोय. हलगीवाला भाऊ चुलीपाशी हलगी शेकायला बसला, तर खिचडीवाल्या मावशी पळी घेऊन त्याच्या अंगावर. “माजी वांगी शिजू दी आदी, मग तुजं कातडं तापव!”

बहाद्दराने पान वाचलं. वाचून झाल्यावर खाली उतरेना, दुसरं पान सुरू केलं. टाळ्यांनी मांडव हलला. माझ्याही अंगात आलं.

आता शिट्टीचं सांगतो. लेझमीत शिट्टी वाजली की पाऊल बदलायचं, म्हणजे शिट्टी ज्याच्याकडे तो म्होरक्या. सरावात ती चौथीतल्या एका मुलीकडे असायची. वरच्या वाडीवरून रोज डोंगर उतरून यायची, आणि तिचं पाऊल म्हणजे घड्याळ. तिचे बाबा नवलाख उंबरे गावच्या कंपनीत. पाळीच अशी की शाळेचा उंबरा त्यांनी कधी पाहिला नव्हता. आज रात्रपाळी संपवून ते थेट येणार होते. जूनपासून ती मोठ्या शाळेत जाणार, म्हणजे बाबांना दाखवायचं ते आजच.

“सर, शिट्टी?” तिने हात पुढे केला.

“आज पाहुणे आलेत गं. आज मी वाजवतो.”

“पर मी बाबांना सांगितलंय, मी म्होरं असती म्हून.”

“अगं, लेझीम दिसल्याशी मतलब!”

खरं कारण माझ्या डोक्यावर होतं. मोठ्या बाईंनी शिक्षकांसाठी गुलाबी फेटे आणले होते. एकदा फेटा चढला की माणूस बाजूला उभा राहत नाही. ती मागच्या ओळीत जाऊन उभी राहिली.

हलगी कडाडली. मी छाती काढून शिट्टी फुंकली आणि ऐटीत उजवीकडे झेप घेतली.

सगळी शाळा डावीकडे गेली.

मला वाटलं, पोरं चुकली. पुन्हा शिट्टी, मी डावीकडे, शाळा उजवीकडे. पोरं मला आरशासारखी बघून शिकली होती, आणि आरसा आज पाठ फिरवून उभा होता, हे माझ्या डोक्यात शिरेपर्यंत मी दोघांना धडकलो होतो. पुढचं पाऊल बैठकीचं. मी खाली वाकलो, फेट्याचा शेमला हातातल्या लेझमीच्या साखळीत अडकला आणि हात वर गेला तसा फेटा सुटत निघाला. तोंडातली शिट्टी केव्हाच पडून गळ्यात लोंबत होती. शिट्टी नाही, म्हणून पोरं एकाच पावलावर अडकलेली. पाहुणे रुमालात हसत होते.

तेवढ्यात ती मागच्या ओळीतून नाचत नाचतच पुढे आली. पाऊल न चुकवता माझ्यासमोर हात धरला. मी मुकाट्याने शिट्टी काढून दिली.

आणि मग काय सांगू! शिट्टी वाजली, सगळी शाळा एका अंगाने वळली. छन्‌ छन्‌ छन्‌! हलगीवाला भाऊ उठून उभा राहिला. मावशी पळी हातात तशीच घेऊन बाहेर आल्या. मी कडेला फेट्यात गुरफटून टाळ्या वाजवत होतो, आणि फाटकापाशी कंपनीच्या कपड्यातला एक माणूस हेल्मेट काढायचं विसरून बघत उभा होता.

शेवटची शिट्टी झाली तशी ती धावत त्याच्याकडे गेली. मी मागोमाग गेलो, म्हटलं, आपणही दोन शब्द कौतुकाचे बोलावेत.

“लय भारी गं पोरी, लय भारी!” बाबांनी हेल्मेट काढलं आणि माझ्याकडे बोट केलं. “पर ते फेटेवालं मधीमधी कोन घुसत व्हतं?”

तिने वळून माझ्याकडे नीट बघितलं.

“ते आमचे सर हायेत. त्यांना अजून येत न्हाई.”