दिवटीचं तेल

निवृत्तीनंतर माणसाला एक तर गुडघे धरतात, नाही तर विचार. मला दोन्ही धरले. वराळ्यातल्या आमच्या सोसायटीत दर रविवारी सकाळी आम्ही सात-आठ जण जमायचो आणि इतिहास, तत्त्वज्ञान, साहित्य, समाज असल्या भारी विषयांवर दोन-दोन तास बोलायचो. चहा आळीपाळीने, शहाणपण ज्याचं त्याचं. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवल्यामुळे माझ्या शब्दाला तिथे जरा वजन होतं. ते मला आवडायचं, हे आधीच कबूल करून टाकतो.

एका रविवारी प्रश्न निघाला, जे लिहून ठेवलेलं नाही त्याला इतिहास म्हणायचं का? मी तोऱ्यात म्हणालो, थांबा, पुढच्या वेळी अशी एक गोष्ट लिहूनच आणतो.

ती माझ्या गावची गोष्ट. कान्हे गावाच्या पुढे, डोंगराच्या अंगाला आमचं गाव. चैत्रातल्या जत्रेत दिवेलागणीला देवाची पालखी निघते आणि वेशीजवळच्या एका मुसलमान घरासमोर थांबते. त्या घरातला वडीलधारा माणूस पुढे येतो, पालखीपुढच्या दिवटीवर तेल घालतो आणि मगच पालखी हलते. आता त्या घरातले वडीलधारे म्हणजे चाचा, सगळं गाव त्यांना याच नावाने हाक मारतं. मी लहान होतो तेव्हा त्यांचे वडील तेल घालायचे, नंतर चाचा घालू लागले. असं का, हे कुणी कधी विचारलं नव्हतं.

मी विचारायला गेलो. चाचा ओट्यावर बसून तेलाची पितळी बुधली चिंचेने घासत होते. जत्रेला अजून महिना होता, तरी घासणं सुरू होतं.

"का त्ये मला बी ठावं न्हाई," ते म्हणाले. "बाप घालायचा, म्हून मी घालतो. पर मास्तर, लिवताय कशापायी? चाललंय त्ये चालू द्या की."

मी हसलो. भोळा माणूस, असंच मनात आलं. आज ते हसू आठवलं की स्वतःचीच शरम वाटते.

चार पानं लिहिली, रविवारी वाचली. मंडळी खूश झाली. एकाने कौतुकाने पानांचे फोटो काढले आणि कुठे कुठे पाठवले. दोन दिवसांत ते फिरत फिरत आमच्या गावच्या ग्रुपवर आले. खाली आधी जोडलेले हात आले, फुलं आली. मग कुणीतरी एवढंच लिहिलं, "याला पुरावा काय?" त्यानंतर दिवसभर त्या ग्रुपवर कुणी काही बोललं नाही. एरवी तिथे सकाळी सहापासून सुविचारांचा पाऊस असतो.

जत्रेच्या आधी देवळात बैठक झाली. दरवर्षीच होते, मांडव कुणाचा आणि वाजंत्री कुठली ते ठरवायला. चाचाही आले होते, मागच्या खांबाला टेकून बसले होते. सगळं ठरल्यावर माझा एक जुना विद्यार्थी उठला. आता कंपनीत सुपरवायझर आहे. फार अदबीने बोलला.

"सर, तुमीच आमाला शिकवलंय, पुराव्याबिगर इतिहास न्हाई. मग चाचांच्या मानाला काय लेखी हाय का, तेवडं सांगा."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. चाचांनीही पाहिलं, आणि त्यांच्या नजरेत काळजी नव्हती. मास्तर आपल्या बाजूचे आहेत, अशी खात्री होती.

मी म्हणू शकलो असतो, मी डोळ्यांनी पाहिलंय, माझ्या बापाने पाहिलंय, याहून मोठा कागद कुठला हवा? हे उत्तर मला घरी जाताना सुचलं. तिथे मी घसा साफ केला आणि वर्गात बोलतो तसं बोललो, "लेखी पुरावा नाही. पण मौखिक परंपरा हेसुद्धा..."

'पण'च्या पुढचं कुणी ऐकलं नाही. सतरंज्या गुंडाळायला सुरुवात झाली होती. कुणी भांडलं नाही, कुणी आवाज चढवला नाही, कुणी काही ठरलं असंही म्हणालं नाही. भांडले असते तर मला एवढी भीती वाटली नसती.

जत्रेच्या दिवशी मी चाचांच्या ओट्याजवळ जाऊन उभा राहिलो. ते धुतलेला सदरा घालून, तेलाने भरलेली बुधली हातात घेऊन उंबऱ्यात उभे होते. पालखी आली. घरासमोर येताच भोयांचे पाय सवयीने मंदावले. पुढचा एक जण तर थांबलाच. मागून कुणीतरी म्हणालं, "चला, चला, उशीर होतोय." आणि पालखी गेली. वाजंत्री एक क्षणही थांबली नाही.

चाचा बुधली ओट्यावर ठेवून माझ्याकडे वळले. मला वाटलं, शिवी देतील. द्यावी, असं फार वाटत होतं.

"मास्तर," ते म्हणाले, "आज थांबली न्हाई, त्येबी लिवून ठेवा. ह्याचा तरी पुरावा ऱ्हाईल."