ज्योतिबांचं बघणं

निमोण्याचे ज्योतिबा कारेगावजवळच्या एका कारखान्याच्या गेटवर कामाला लागले, तेव्हा घरची मेंढरं विकून झाली होती आणि रानातलं काम थोरला मुलगा एकटा उरकत होता. अंगात निळा गणवेश चढला, हातात काठी आली आणि माणूस खुलला. साहेब लोकांशी बोलायचं ते इंग्रजीतच, अशी त्यांची हौस. त्यातही लाडका शब्द म्हणजे ‘आय सी’. कुणी काहीही सांगो, ज्योतिबा मान डोलवून म्हणायचे, “आय सी, आय सी.”

चेन्नईहून एक इंजिनिअर बाई नवी मशिनं बसवायला आल्या होत्या. मराठी अजिबात नाही, हिंदी जेमतेम. एका दुपारी त्यांनी गेटजवळच्या बाकावर पिशवी ठेवली, “प्लीज वॉच माय बॅग,” म्हणाल्या आणि फोन कानाला लावून घाईनं आत गेल्या. ज्योतिबांनी पिशवीकडं बघितलं. कापडी होती, कडेनं भरतकाम. “आय सी. गुड बॅग,” असं मनापासून सांगून ते ट्रकला गेट उघडायला गेले.

पिशवीत बाईंचा डबा होता. गेटवर पडून असणाऱ्या कुत्र्याला त्याचा वास लागला. ज्योतिबा वळले तर कुत्रं पिशवी ओढत पलीकडच्या ज्वारीत शिरत होतं. “हाड! हाड!” करत ते मागं पळाले. पिशवी हाती लागली, पण दहीभात मातीत गेला होता आणि पिशवीचा बंद तुटून लोंबत होता.

बाई बाहेर आल्या आणि कपाळाला हात लावून म्हणाल्या, “आय सेड वॉच!”

“आय सी, मॅडम,” ज्योतिबा धापा टाकत म्हणाले. “आय सी बॅग. आय सी डॉग. बॅग गो.”

बाईंनी रागवायचा प्रयत्न केला, पण हसू आवरेना. त्या बाकावरच बसल्या. ज्योतिबांना मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. पिशवी मागून घेऊन ते घरी आले.

दिवेलागणीला ओट्यावर बसून ते दाभणानं बंद शिवत होते. सून सुषमा बालवाडीत शिकवायची. तिनं सगळा प्रकार ऐकला आणि तोंडाला पदर लावला.

“मामा, सी म्हंजी नुसतं दिसणं. डोळं उघडं असलं की दिसतंच. लुक म्हंजी आपणहून तिकडं बघणं. आन् वॉच म्हंजी राखणं, ध्यान ठेवणं.”

“आपल्यात समद्याला बघच म्हणत्यात की! पोराला बघ, पिक्चर बघ, दूध बघ.”

“दूध बघ म्हणलं की ते उतू जाऊ नये म्हणून बघायचं. ते वॉच.”

ज्योतिबांचा हात थांबला. “मेंढरामागं आमचा बा म्हणायचा, लांडगा हाय, ध्यान ठेव. ते वॉच?”

“व्हय, मामा.”

“आगं, मग मला वॉचमन म्हणत्यात त्ये ह्याच्यासाठी! मला वाटायचं, गाड्यांचा टाइम लिवतो म्हणून.”

चुलीपुढून ज्योतिबांच्या बायकोचा, रतनबाईंचा आवाज आला, “अवो, मला बघाया आला व्हता, तवा काय केलं म्हणायचं? सी का लुक?”

“तुझा बाप समोर बसलेला. कशाचं लुक? पायाची बोटं तेवढी सी केली.”

रतनबाई इतक्या हसल्या की तव्यावरची भाकरी करपली.

दुसऱ्या दिवशी ज्योतिबांनी पिशवी धुऊन, वाळवून बाईंच्या हातात दिली. बाईंनी बंद ओढून पाहिला. टाके असे पक्के, की पिशवी फाटेल पण बंद निघायचा नाही. त्या खूश होऊन म्हणाल्या, “थँक्यू फॉर लुकिंग आफ्टर माय बॅग.”

ज्योतिबा विचारात पडले. लुक म्हणजे बघणं, आफ्टर म्हणजे नंतर. बाईंचं बरोबरच होतं, आपण नंतरच बघितलं. त्यांनी टोपी सारखी केली आणि हात जोडून म्हणाले, “सॉरी, मॅडम. नेक्स्ट टाइम लुक बिफोर.”