येऊ का आत?

गजराकाकू घरच्यांना कधीच विचारत नसे. उंबऱ्याबाहेर उभी राहून ती थेट अंथरुणावरच्या माणसाला हाक मारायची, "यिऊ का आत?" आतून होकार आला, निदान मान हलली, तरच पाऊल टाकायची. नाहीतर ओट्यावर तंबाखू मळत बसून राहायची. घोडेगावजवळच्या आमच्या खेड्यात कुणी शेवटच्या घटका मोजू लागलं की तिला निरोप जाई. तिच्याकडे औषध नव्हतं, मंत्र नव्हता. ती उशाशी बसे, ओल्या फडक्यानं ओठ टिपे, तळपाय चोळी आणि रडणाऱ्या नातेवाइकांना दटावी, "त्याचं काय म्हननं हाय त्ये ऐका की! तुमचं रडनं मागनं हायेच."

गाव तिला बोलवायचं आणि भ्यायचंही. गजरा आली म्हणजे आटोपलं, असं बायका म्हणत. सणासुदीला तिला कुणी दारात उभं करत नसे. मीही त्यातलीच.

त्या दुष्काळी उन्हाळ्यात माझ्या आईनं अंथरूण धरलं. मी तिची एकुलती एक लेक. वडील कधीच गेलेले, नवरा लांब खडी फोडायच्या कामावर. नेवाशाहून डॉक्टर आणला, इंजेक्शनं झाली, अंगारेधुपारे झाले. उतार काही पडेना. एके सकाळी आई म्हणाली, "मला खाली घे."

आमच्याकडे बाजेवर जीव जाऊ देत नाहीत. वेळ आली की माणसाला भुईवर घेतात. म्हणूनच मी तिला खाली घेईना. खाली घेतलं की संपलं. "उद्या बरं वाटेल," मी म्हणायचे. ती पुन्हा म्हणायची, "खाली घे गं."

अशातच, कुणी निरोप धाडला कोण जाणे, दारातून हाक आली, "सोनाबाई, यिऊ का आत?"

"ये," आई म्हणाली. अगदी स्पष्ट म्हणाली. आणि मी धावत जाऊन दार लावून घेतलं.

"काकू, पाया पडते तुमच्या, जा."

"पोरी, मी मरन आनत न्हाई. त्ये माज्या आदीच येऊन बसल्यालं असतंय." बाहेरून आवाज आला. "तिला खाली घ्यायला हात लागंल. मी हितंच बसती."

दोन दिवस ती ओट्यावर होती. मी कडी काढली नाही. पाण्याला मागच्या दारानं गेले, पण तसल्या उन्हात तिला घोटभर पाणी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी आई गेली, बाजेवरच. तिचा एक हात खाली लोंबत होता. बोटं भुईला टेकायला वीतभर कमी पडली. ती वीत माझ्या डोळ्यांपुढून अजून हलत नाही.

मी दार उघडलं. आता ही मला बोल लावणार, असं वाटलं. काकूनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. गेलेल्या आईलाच तिनं विचारलं, "सोनाबाई, यिऊ का आत?" क्षणभर थांबली आणि आली. आम्ही दोघींनी मिळून आईला खाली घेतलं.

पुढच्या हिवाळ्यात गजराकाकूच अंथरुणाला लागली. तिच्याकडे कुणी फिरकेना. मी गेले, उंबऱ्याबाहेर उभी राहिले. "काकू, येऊ का आत?" तिनं मान हलवली.

चौथ्या दिवशी तिला धाप लागली, तेव्हा दारात माणसं जमली. "खाली घ्या तिला," सगळे म्हणू लागले. मला तर त्यांच्याहून घाई. आईच्या वेळी चुकलं ते आता तरी चुकू नये, या एकाच विचारानं मी घोंगडी अंथरली, तिच्या खांद्याखाली हात घातला. तिनं माझं मनगट घट्ट धरलं.

"नगं. खाली नगं गं. लई भ्या वाटतंय."

उभ्या गावाला धीर देणारी बाई लहान पोरीसारखी थरथरत होती. मला रडू फुटलं.

"बाजेवर मेली तर गावाला बाधंल," दारातून कुणीतरी ओरडलं.

मी उठले, दार लावून कडी घातली आणि बाजेवर तिला खेटून बसले. मनगटावरची तिची बोटं सैल पडेपर्यंत मी तिथून हलले नाही.