लाइट जाण्याची वाट पाहताना

आमच्या सोसायटीत लाइट जात नाही. जाते तशी, पण पंखा पुरता थांबायच्या आत खाली जनरेटर धडधडतो आणि सगळं पूर्ववत चालू होतं. नोएडात फ्लॅट घेताना बिल्डरच्या माणसाने ही गोष्ट मोठ्या अभिमानाने सांगितली होती आणि मीही तेवढ्याच अभिमानाने ती बायकोला सांगितली होती. आता मला त्या जनरेटरचा राग येतो. बायको म्हणते, तुम्हाला रागवायला काहीतरी लागतंच. लागत असेल.

माझं लहानपण आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये गेलं. वडील केंद्र सरकारात नोकरीला, शेजारपाजार देशभरातला. उन्हाळ्यात लाइट जायची ती बहुतेक संध्याकाळीच. ती गेली की सगळ्या ब्लॉकमधून पोरांचा एकच गलका उठायचा आणि तो आनंदाचा असायचा. वह्या होत्या तिथे टाकून आम्ही जिन्यावरून खाली. कूलर बंद पडल्यावर घरात थांबणं शक्यच नसायचं, त्यामुळे मागोमाग मोठी माणसंही उतरायची. बायका पायऱ्यांवर हातपंखे घेऊन बसायच्या, बापमंडळी बनियनवर उभी राहून वेतन आयोगाच्या गप्पा मारायची, आणि आम्ही त्या मिट्ट काळोखात लपाछपी खेळायचो. कोण तमिळ, कोण गढवाली, कोण साहेबाचा आणि कोण चपराशाचा, काही दिसायचं नाही. पाठीत धप्पा बसला की हातावरून मुलगा ओळखायचा.

एकदा मी पार्क केलेल्या स्कूटरींच्या मागे लपलो आणि तिथेच मला झोप लागली. लाइट आली, सगळे आपापल्या घरी गेले. कुणाच्या तरी आईने मला उचललं आणि स्वतःच्या मुलांच्या रांगेत निजवलं. आमच्याकडे निरोप गेला तेव्हा माझ्या आईने एवढंच विचारलं, की जेवलाय का तो. मुलगा कुठे आहे यापेक्षा जेवला का ही काळजी मोठी होती. आज हे कुणाला सांगितलं तर माझ्या आईला नावं ठेवतील.

माझा मुलगा आठवीत आहे. शाळेतून आला की खोलीत जातो, दार लावतो, कानाला हेडफोन लावतो आणि गेम खेळतो. खेळता खेळता कुणाशी तरी बोलतो आणि खदाखदा हसतो. जेवणाच्या टेबलावर तो असा कधी हसलेला नाही. मी विचारलं, कोण आहे रे तो? म्हणाला, फ्रेंड आहे, माझा कॅप्टन आहे. कुठे राहतो? ‘ऑनलाइन आहे, बाबा.’ मला तो फ्रेंड वाटेना. ज्याला पाठीत धप्पा घालता येत नाही तो कसला मित्र?

खाली जा म्हणावं तर केव्हा? दिवाळीनंतर हवा अशी होते की शाळाच सांगते, मुलांना घरात ठेवा. पुढे परीक्षा. त्यानंतर ऊन. तेव्हा माझ्या डोक्याने एकच घेतलं होतं. या मुलाला एक अंधारी संध्याकाळ मिळाली पाहिजे. सगळी मुलं आपोआप खाली येतील, हाही जाईल, आणि मग मला काही शिकवावं लागणार नाही. वेडेपणाच, पण मी मनातून खरोखर त्याची वाट पाहत होतो.

या जूनमध्ये ती संध्याकाळ आली. बाहेर कुठेतरी मोठा आवाज झाला, ट्रान्सफॉर्मर उडाला आणि दिवसभर लाइट ये-जा करत असल्याने तापलेल्या जनरेटरनेही मान टाकली. सगळे टॉवर काळेठिक्कर. ‘गेली,’ मी इतक्या उत्साहाने म्हणालो की बायकोने माझ्याकडे वळून पाहिलं.

मुलगा खोलीतून बाहेर आला. ‘बाबा, वायफाय गेलं.’

‘चल, खाली जाऊ.’

‘लिफ्ट बंद असेल ना.’

‘जिना आहे.’

‘जिना कुठे आहे आपला?’

इथे राहायला आल्यापासून त्याने जिन्याचं दार उघडलेलं नव्हतं. आम्ही चौदाव्या मजल्यावरून मोबाइलच्या उजेडात उतरायला लागलो. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. मी त्याला लपाछपीचं सांगत होतो, स्कूटरींचं सांगत होतो. ‘आणि कुणी सापडलाच नाही तर?’ त्याने विचारलं. म्हटलं, कुणाच्या तरी घरी जेवत असायचा. तो हसला. ‘बिल्कुल खोटं.’ वाटेत दुसरी कुटुंबंही उतरत होती. मी म्हणालो, बघ, सगळे निघाले. तेवढे मजले मी फार सुखात होतो.

खाली बागेत कुणी नव्हतं. माणसं बागेवरून पुढे जात होती, बेसमेंटमध्ये. तिथे गाड्यांची इंजिनं चालू होती, काचा वर, आत एसी. गाडीगणिक एक कुटुंब, प्रत्येकाच्या तोंडावर मोबाइलचा उजेड. गार्ड बिचारा ‘इंजन बंद कर दीजिए, सर, धुआँ हो रहा है’ म्हणत फिरत होता. त्याच्याकडे कुणी काच खाली करूनही पाहत नव्हतं. मला रडू येईल की काय असं वाटलं.

‘बाबा, गाडीची चावी आणलीस?’ मुलाने विचारलं. मी आणली नव्हती. तेवढ्यात त्याच्या फोनवर काहीतरी आलं आणि त्याचा चेहरा फुलला. ‘अरे, तो पण इथेच आहे. पांढऱ्या गाडीत. शेजारच्या टॉवरचा आहे ना तो.’

‘कोण?’

‘माझा कॅप्टन.’

वर्षभर हा ज्याच्याशी रोज हसत होता, तो मुलगा शेजारच्या टॉवरमध्ये राहत होता. आणि दोघे एकमेकांना कधी भेटले नव्हते. ‘चल, भेटू,’ मी म्हणालो.

‘नको, बाबा. त्याला नाही आवडत असं. प्लीज.’

मी ऐकणार होतो थोडाच? मनगट धरून त्याला नेलं आणि काचेवर टकटक केली. आतल्या बाईंनी काच खाली केली. ‘ये आपके बेटे का दोस्त है,’ मी म्हणालो. ‘दोनों मिल लें ज़रा, अंधेरे में खेलेंगे.’ त्या गोंधळल्या, पण सभ्य होत्या. ‘जाओ बेटा, हैलो बोलो,’ म्हणाल्या.

एक मुलगा उतरला. दोघांना एकमेकांचे चेहरे दिसावेत म्हणून मी टॉर्च त्याच्यावर धरला. तिसरी-चौथीतला असेल, कार्टूनवाला नाइट ड्रेस घातलेला, माझ्या मुलाच्या छातीएवढा. माझा मुलगा नुसता ‘तू?’ म्हणाला. त्या छोट्याने उजेडापासून तोंड वळवलं, तो परत गाडीत चढला आणि काच वर गेली.

‘तो दहावीत आहे म्हणाला होता. आवाजही ॲपने बदलत असणार,’ जिना चढताना मुलगा म्हणाला.

मला उलट बरंच वाटलं. ‘बघ, खोटं बोलत होता तुझ्याशी. म्हणून म्हणतो, माणसाला समोर भेटावं.’

तो दोन पायऱ्या माझ्या पुढे गेला. मग म्हणाला, ‘मला चाललं असतं, बाबा.’

आम्हीही अंधारात कुणाचा कोण हे न बघता खेळायचो. ते मला घरी आल्यावर सुचलं, टॉर्च बंद केल्यानंतर.

त्या लहान मुलाने गेम सोडला. माझ्या मुलाने बरेच मेसेज पाठवले, एकाचंही उत्तर आलं नाही. मी म्हटलं, मी त्यांच्याकडे जाऊन बोलू का? ‘तू आता काही करू नकोस,’ तो म्हणाला. आवाज चढवून नाही, अगदी शांतपणे. तो आवाज चढवता तर मला सोपं गेलं असतं.

आता तो रोज संध्याकाळी माझ्याबरोबर खाली येतो. मी बोलावलं की लगेच चपला घालतो. आम्ही सोसायटीच्या कडेकडेने फेऱ्या मारतो. विचारलेल्या प्रश्नांची तो नीट उत्तरं देतो, स्वतःहून काही बोलत नाही. परवा आमच्या मजल्यावरचे एक गृहस्थ थांबून म्हणाले, ‘आजकल कौन बच्चा बाप के साथ टहलता है? लकी हैं आप.’ मी ‘जी’ म्हणालो. मुलगा त्यांच्याकडे बघून थोडासा हसला, घरी आलेल्या पाहुण्यांसमोर हसतात तसा, आणि मला पुढे चालता यावं म्हणून बाजूला झाला.